जुनं लाकूड, नवी वीज

जुन्या लाकडाला सध्या बरे दिवस आले आहेत. पुण्या-नाशकातले वाडे पाडले जातात, मुंबईत चाळींच्या जागी टॉवर उभे राहतात, आमच्या सोलापूरकडची माळवदाची घरं उतरवली जातात. त्यातून जे सागवान निघतं ते पूर्वी बंबात जायचं. आता त्याला गिऱ्हाईक मिळतं. खांब, तुळया, सरे, किलच्या, दारांच्या फळ्या हे सगळं वखारीत येतं, चिरलं जातं आणि कुणाच्या तरी फ्लॅटमधल्या हॉलच्या भिंतीवर जाऊन बसतं. शंभर वर्षं धूर, तेल आणि माणसांचे हात लागून त्या लाकडाला जो रंग आलेला असतो, तो कुठल्याही पॉलिशने येत नाही. अशी भिंत पाहिली की मलाही तिच्यावरून हात फिरवावासा वाटतो.

पण या भिंतीवर दिव्यांची बटणं हवीत, मोबाइल चार्जिंगला सॉकेट हवं, टीव्ही आणि राउटरला प्लग हवेत. म्हणजे वाळलेल्या सागवानाला भोकं पाडून त्यात दोनशे तीस व्होल्टची वीज आणून ठेवायची. हे काम नीट झालं तर पुढची पन्नास वर्षं काही होत नाही. नीट झालं नाही तरी पहिली दोन वर्षं काही होत नाही. माणूस फसतो तो इथेच.

कविता लिहिणाऱ्या माणसाने बटणांवर का बोलावं, असं तुम्ही म्हणाल. माझे अब्बा वायरमन होते. बी.ए. होईपर्यंत मी सुट्टीत त्यांच्या हाताखाली शिडी धरली, वायर सोलली, गिरमिटाने भोकं पाडली. त्या वेळी जे कानावर पडलं आणि पुढे या विषयातल्या जाणत्या माणसांकडून जे समजून घेतलं, तेच आज सांगतो आहे.

लाकूड आणि वीज यांची आपल्या घरांतली ओळख तशी जुनी आहे. १९०५ साली मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी सुरू झाली. पुढे गावोगाव वीज गेली तेव्हा घरातली वायरिंग लाकडाच्या अंगावरूनच गेली. केसिंग-कॅपिंग म्हणजे खोबणी पाडलेली सागवानी पट्टी आणि तिच्यावर झाकणाची दुसरी पट्टी. त्यानंतर बॅटन वायरिंग आली. सागाच्या पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून त्यात वायर बांधायची. बटणाखाली लाकडाचा गोल ब्लॉक, भिंतीवर लाकडाचा बोर्ड, त्यावर बेकेलाइटचे काळे खटके. बेकेलाइट हे माणसाने पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनवलेलं पहिलं प्लास्टिक. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने ते १९०७ साली तयार केलं. ते उष्णतेने वितळत नाही आणि त्यातून वीज जात नाही, म्हणून बटणाच्या धंद्यात ते दीर्घकाळ टिकलं.

मग आजोबांच्या घरात बोर्ड लाकडाचाच होता, त्याला काही झालं नाही. आता एवढी काळजी कशाला? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. याचं उत्तर लाकडात नसून घरातल्या उपकरणांमध्ये आहे. आजोबांच्या घरात साठ वॉटचे दोन दिवे होते आणि फार तर एक पंखा. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. साठ वॉटचा दिवा जेमतेम पाव अँपिअर घेतो. इस्त्री एक हजार वॉटची असेल तर चार अँपिअरच्या वर जाते. दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो.

यात एक गोम आहे. वायरच्या जोडाशी निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. समजा, सॉकेटमधला एक स्क्रू थोडा ढिला राहिला आणि त्या जोडाला अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला. साठ वॉटच्या दिव्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण त्या जोडावर एका वॉटचा साधारण तिसावा हिस्साच खर्ची पडतो. त्याच जोडातून गीझरचा करंट गेला की तिथे अडतीस वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची कांडी साधारण पंचवीस वॉटची असते आणि तिच्यावर धातूचा डाग वितळतो. म्हणजे फळीच्या आत, कुणाला न दिसणारी, त्याहून जास्त ताकदीची एक कांडी तापत राहते. आजोबांचा बोर्ड वाचला तो साठ वॉटच्या दिव्यामुळे.

दुसरी गैरसमजूत एमसीबीबद्दलची. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल,’ असं लोक निश्चिंतपणे सांगतात. एमसीबी पडतो तो वायरमधून मर्यादेबाहेर करंट गेला किंवा शॉर्टसर्किट झालं तर. ढिल्या जोडात करंट वाढत नाही; उलट किंचित कमीच होतो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. आरसीसीबी हे दुसरं उपकरण गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब ठेवतं. घरासाठी बसवतात त्या आरसीसीबीत तीस मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक दिसला की वीज तोडली जाते. माणसाला शॉक बसत असेल तर ते जीव वाचवतं, म्हणून ते हवंच. पण ढिल्या जोडातून करंट जमिनीत गळत नसेल तर तेही गप्प बसतं. दोन्ही पहारेकरी जागे असतात, पण हा चोर त्यांच्या समोरून जात नाही. म्हणून लाकडाच्या भिंतीत शेवटचा भरवसा असतो तो धातूच्या पेटीवर आणि नीट आवळलेल्या स्क्रूवर.

माझ्या ओळखीच्या एका घरात नेमकं हेच घडलं. वाड्याच्या फळ्यांची सुंदर भिंत होती. तिच्यातल्या एका सॉकेटवर रोज इस्त्री लागायची. भिंतीतली मूळ पेटी होती तिथेच ठेवून वर फळ्या मारल्या होत्या आणि सॉकेट पुढे ओढून लाकडालाच स्क्रूने बसवलं होतं. दीड वर्षाने घरातल्या आजी म्हणू लागल्या, ‘इथं काहीतरी करपल्याचा वास येतो.’ वय झालं की असे वास येतात, असं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आजींनी मात्र हट्टाने इस्त्री बंद करायला लावली आणि मिस्त्रीला बोलावलं. प्लेट काढली तर भोकाची आतली कड चार बोटं कोळसा झाली होती. एमसीबी एकदाही पडला नव्हता. त्या घरात दोन लहान मुलं त्याच भिंतीला डोकं लावून झोपायची.

आता हे काम करायचं कसं, ते क्रमाने पाहू. फळ्या भिंतीवर सरळ चिकटवत नाहीत. आधी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकतात, त्यावर फळ्या बसवतात. पट्टी पंचवीस मिलिमीटरची आणि फळी वीस मिलिमीटरची धरली तर नवी भिंत जुन्या भिंतीपेक्षा पंचेचाळीस मिलिमीटर पुढे येते. विजेची जुनी पेटी तेवढीच आत राहते. आता सॉकेट आणि पेटी यांच्यामध्ये एक बोळकांडी तयार होते आणि तिच्या चारही बाजूंना उघडं, वाळलेलं लाकूड असतं. ठिणगी पडली तर लाकडावर आणि फळीमागच्या पोकळीत. ही पोकळी खालून वर सलग असते. चुलीच्या धुराड्यासारखी ती हवा वर ओढते.

म्हणून पहिला नियम असा : धातूच्या पेटीची कड लाकडाच्या दर्शनी पृष्ठभागाशी आली पाहिजे. अमेरिकेतल्या विजेच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. भिंतीचा पृष्ठभाग न जळणारा असेल तर पेटी सहा मिलिमीटरपर्यंत आत चालते; लाकडासारखा जळणारा असेल तर पेटी पृष्ठभागाच्या बरोबरीने किंवा किंचित बाहेरच हवी. यामागचं कारण देशागणिक बदलत नाही. आपल्याकडे दोन मार्ग आहेत. नवं काम असेल तर फळ्या येण्याआधीच पेटी सांगाड्याला धरून पुढे बसवायची. जुनी वायरिंग असेल तर जुन्या पेटीपुढे दुसरी धातूची पेटी जोडायची आणि दोन्हींच्या मध्ये उघडं लाकूड दिसणार नाही याची खात्री करायची. वायर अपुरी पडली तर ती ताणू नये. नवी ओढावी, ते शक्य नसेल तर जोड पेटीच्या आतच, कनेक्टर लावून द्यावा. फळीमागे चिकटपट्टी गुंडाळून दिलेला जोड म्हणजे भिंतीत पुरून ठेवलेली काडेपेटी.

पेटी लोखंडाची म्हणजे तिलाही अर्थिंग हवं. हिरवी वायर सॉकेटच्या अर्थला लावतात आणि पेटीला विसरतात. पेटीला वायरसाठी जे भोक असतं त्याची कड धारदार असते. तिथे रबरी बुश बसवला नाही तर ती कड वायरचं कातडं हळूहळू सोलते. बुश काही रुपयांचा असतो आणि बहुतेक वेळा तोच राहून जातो. पेटीपर्यंत वायर पाइपातूनच यावी. फळीमागून मोकळी सोडलेली वायर पुढे कुणी तसबिरीसाठी खिळा ठोकेल त्याची वाट पाहत असते. फळ्या बसण्याआधी वायरिंगचा फोटो काढून ठेवावा आणि फोटोत मोजपट्टी दिसू द्यावी. आता मोबाइलवर हे एका मिनिटाचं काम आहे.

आता लाकडाकडे वळू. जुन्या फळीत खिळे लपलेले असतात. डोकं तुटलेला, गंजून लाकडाच्या रंगाचा झालेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. करवत चालवण्याआधी चांगलं लोहचुंबक फळीवरून फिरवावं. नाहीतर पातं तुटतं आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. भुंग्याने किंवा वाळवीने पोखरलेली फळी बोर्डाच्या जागी अजिबात घेऊ नये. लाकडाला श्वास असतो असं आम्ही कवी म्हणतो. सुतार तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पितं आणि रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत मात्र फारसं बदलत नाही. साग यात पुष्कळ शहाणा, पण तोही थोडा हलतोच. म्हणून फळ्या बसवण्याआधी दोन-तीन आठवडे त्याच खोलीत ठेवाव्यात. आणि दुसरा नियम : सॉकेटचा भार फळीवर द्यायचा नाही. प्लेटची चौकट पेटीला आवळायची. आपण प्लग ओढतो तेव्हा बसणारा हिसका धातूने सोसला पाहिजे. लाकडात बसवलेला स्क्रू प्रत्येक ऋतूत थोडा सैल होतो आणि सॉकेट हलायला लागलं की आतले जोडही हलतात.

भोक पाडताना पेटीच्या मापाचा पुठ्ठा कापून फळीवर ठेवावा, पेन्सिलने आखावं, चारही कोपऱ्यांत ड्रिल करून मग कापावं. भोक पेटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं असावं म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. प्लेट त्या फटीवर झाकण घालते. जुन्या फळीचा पृष्ठभाग कधी सपाट नसतो. तासणीचे घाव, वाकलेल्या कडा, एकीपेक्षा दुसरी फळी जाड. त्यावर मॉड्युलर प्लेट ठेवली की ती एका कोपऱ्यावर डुगडुगते आणि फटीतून मुंगी, झुरळ, धूळ आत जाते. यावर दोन उपाय आहेत. पटाशीने प्लेटपुरती जागा सपाट करायची किंवा त्याच लाकडाची रंधलेली लहान चौकट प्लेटखाली बसवायची. मला चौकट आवडते. दाराला जशी चौकट असते तशी बटणांनाही शोभते. पण चौकटीने भिंत पुढे आली तर पेटीही तेवढीच पुढे यायला हवी, हे विसरू नये.

वायरचं गणित थोडक्यात सांगतो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला किमान अडीचची आणि एसी-गीझरला बहुधा चारची लागते. लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. खटका नेहमी फेजवर हवा. न्यूट्रलवर बसवला तरी दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये वीज जिवंत राहते. आपण सॉकेटसमोर उभे राहिलो की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं आणि डावं न्यूट्रलचं. प्लगची अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते. प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी लागतो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. ती पिन कापून प्लग घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. सॉकेट आणि वायर आयएसआय चिन्हाचीच घ्यावी. चोरबाजारात मिळणारे जुने पितळी खटके जुन्या लाकडावर सुरेख दिसतात हे खरं; ते शोभेला लावावेत, त्यांना वीज जोडू नये.

काही गोष्टी या भिंतीवर आणूच नयेत. एसी आणि गीझरसारख्या तासन्‌तास करंट ओढणाऱ्या उपकरणांचे पॉइंट शेजारच्या विटांच्या भिंतीवर घ्यावेत. गॅसच्या शेगडीमागे आणि न्हाणीघराजवळ ही भिंतच नको. बोर्डाजवळची एक फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावी, म्हणजे उद्या दुरुस्ती निघाली तर सगळी भिंत फोडावी लागत नाही.

पॉलिशचंही एक सांगायला हवं, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं. जुन्या लाकडाला अळशीचं तेल चोळतात. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतात. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडली जाते. अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पॉलिश चालू असताना त्या भिंतीची वीज बंद ठेवावी.

हे सगळं ऐकून कुणी स्वतःच पेचकस हातात घेऊ नये. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. मात्र काय करून घ्यायचं ते आपल्याला माहीत असावं. फळ्या बंद होण्याआधी त्याला मेगर लावून वायरचं इन्शुलेशन तपासायला सांगा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबून पाहा. पहिल्या पावसाळ्यानंतर मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. इस्त्री किंवा हीटर चालवून झाल्यावर प्लेटवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. प्लेट गरम लागली, आत चर्र असा आवाज आला, करपल्याचा वास आला तर ते सॉकेट त्याच क्षणी बंद करा. आणि घरातल्या आजी काही म्हणत असतील तर ऐका.

या कामात सगळ्यांत अवघड भाग तंत्राचा नाही. सुतार म्हणतो, ‘वायरमन आला की मी फळी लावतो.’ वायरमन म्हणतो, ‘सुतार फळी लावू दे, मग मी बोर्ड बसवतो.’ मालक म्हणतो, ‘शनिवारी पूजा आहे,’ किंवा ‘ईदला पाहुणे आहेत, लवकर आटपा.’ या घाईत बुश राहतो, पेटीचं अर्थिंग राहतं, आणि वरून फळी बसली की कुणाला काही दिसत नाही. अब्बा काम संपलं की झाकण लावण्याआधी घरमालकाला हाक मारायचे. म्हणायचे, ‘भाऊ, एकदा आत बघून घ्या. उद्या हे तुम्हाला दिसणार नाही.’ बहुतेक मालक हसून म्हणायचे, ‘मिस्त्री, आम्हाला काय कळतंय त्यातलं?’ तरी अब्बा त्यांना बघायला लावायचे. बघणारा उभा आहे म्हटल्यावर काम करणाऱ्याचा हात नीट चालतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि स्वतःचा हातही त्यांनी त्यातून वगळला नव्हता.

तुमच्या घरी अशी भिंत होत असेल तर शेवटची फळी बसण्याआधी एवढंच करा. सुतार आणि वायरमन दोघांनाही एकाच वेळी बोलवा, दोघांना चहा द्या आणि बॅटरी घेऊन आत बघा. पेटीची कड लाकडाच्या बरोबरीला आली आहे का? हिरवी वायर पेटीला लागली आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, की फळी खुशाल लावू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)